पेल्तिएचा खटला व मॅकिंटॉशचें भाषण : एक परीक्षण

मुंबईच्या टाऊन हॉलांतील ग्रंथसंग्रहाशीं ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे त्यांस सर जेम्स मॅकिंटॉश हें नांव अपरिचित नाहीं. ता. २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं परळ येथें जी मुंबईची 'लिटररी सोसायटी' स्थापन झाली, आणि जी पुढें १८३० पासून रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा म्हणून व आज मुंबईची एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाते, तिचा हा संस्थापक व पहिला अध्यक्ष. मुंबईच्या रेकॉर्डरचें, म्हणजे तेथील न्यायाधीशाचें, पद घेऊन हा गृहस्थ १८०४ च्या मे महिन्यांत येथें आला व १८११ च्या अखेरीस परत गेला. आमच्या प्रांतांत पाश्चात्य पद्धतीच्या संशोधनाचें बीज पेरणारांत त्याची गणना होते, व ती योग्यच आहे. परंतु ज्या एका भाषणानें सर्व युरोपांत त्याचें नांव झालें तें मुंबईस येण्यापूर्वीं सुमारें पंधरा महिने, ता. २१ फेब्रुवारी १८०३ रोजीं, लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयांत झालेलें आहे. पेल्तिए नांवाच्या एका फ्रेंच पत्रकाराच्या बचावाचें हें भाषण मुद्रणस्वातंत्र्याच्या पुरस्काराचा आदर्श म्हणून आजवर वाखाणलें जातें. जी वस्तु आदर्श म्हणून पुढें ठेवली जाते तिची पारख अधिक कसून व्हावी, हा संशोधनाचा साधा नियम आहे. त्या नियमास अनुसरून या भाषणाचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१)

प्रथम प्रसंग सांगितला पाहिजे. मार्च १८०२ मध्यें आमिआंचा तह होऊन इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील नऊ वर्षांचें युद्ध थांबलें. तह झाला, मनें मात्र निवळलीं नाहींत. माल्टा बेट इंग्रजांनीं सोडावयाचें ठरलें होतें, तें त्यांनीं सोडलें नाहीं. नेपोलियनानें त्याच वर्षीं पीडमॉन्ट प्रांत फ्रान्सला जोडला व स्वित्झर्लंडांत फौज घातली. अशा वेळीं दोन्ही दरबारांच्या वकिलांमध्यें जो पत्रव्यवहार चालला होता त्यांत प्रांत व बेटें यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसला, आणि तो म्हणजे लंडनचीं वर्तमानपत्रें.

नेपोलियनास वर्तमानपत्रांची किंमत पूर्ण ठाऊक होती. सत्ता हातीं येतांच जानेवारी १८०० मध्यें त्यानें पॅरिसच्या ७३ राजकीय पत्रांपैकीं ६० बंद केलीं व १३ ठेविलीं. उरलेल्यांत 'मोनितर' हें सरकारचें मुखपत्र. जो मनुष्य आपल्या घरीं इतकी शांतता नांदवूं शकला त्यास खाडीपलीकडून ऐकूं येणारा कोलाहल असह्य व्हावा यांत नवल नाहीं. त्या कोलाहलांत सर्वांत बोचरा स्वर जाँ गाब्रिएल पेल्तिए याचा होता. हा राजपक्षाचा लेखक. क्रांतीच्या आरंभीं पॅरिसमध्यें उपहासपत्र चालवीत असे. १७९२ मध्यें राजसत्ता कोसळतांच तो लंडनला पळाला. १८०२ मध्यें त्यानें 'लांबिग्यू' हें फ्रेंच नियतकालिक काढलें. नांवाचा अर्थच 'द्व्यर्थी'. मुखपृष्ठावर स्फिंक्सचें चित्र असून त्या प्राण्यास तोंड नेपोलियनाचें होतें.

जुलै १८०२ मध्यें फ्रेंच वकील ओटो यानें पेल्तिएच्या पत्राविषयीं इंग्रज परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॉक्सबरी याजकडे तक्रार केली. मंत्र्यानें तें प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठविल्याचें कळविलें. एवढ्यानें समाधान न होतां ता. १७ ऑगस्ट रोजीं ओटोनें लांबलचक यादी दिली : राजद्रोही पत्रें बंद करावीं, जर्सी बेटांतून अमुक लोक हांकलून द्यावे, कादूदाल यास कानडांत पाठवावें, बूर्बों राजपुत्रांस वॉर्सा दाखवावें, इत्यादि. २८ ऑगस्टच्या उत्तरांत हॉक्सबरीनें मुद्रणाच्या बाबतींत परराष्ट्राच्या धमकीवरून कोणतीहि सवलत देण्याचें साफ नाकारलें. त्या उत्तरांत एक मार्मिक भेदहि आहे. लंडनच्या पत्रांतील शिव्यांस इंग्रज सरकार जबाबदार नाहीं, कारण तीं पत्रें सरकारचीं नव्हेत. 'मोनितर'मधील शिव्यांस मात्र फ्रेंच सरकारच जबाबदार, कारण तें पत्र सरकारचें. युक्तिवाद बिनतोड आहे. पण उत्तर असें बाणेदार देऊनहि खटला मागें घेतला गेला नाहीं. तत्त्व शब्दांत राखावयाचें व मनुष्य व्यवहारांत द्यावयाचा, असा हा मुत्सद्दीपणा होता. पेल्तिएचा खटला समजून घेण्याची किल्ली आमच्या मतें येथें आहे.

(२)

आरोपपत्रांत मुख्यतः तीन लेख होते. पहिला अठराव्या ब्रूमेरवरील एक ओड. ती शेनिए या लोकसत्तावादी कवीच्या नांवावर छापली होती व तींत शेवटल्या रोमनांच्या खंजिराचा सूचक उल्लेख होता. दुसरी 'सद्देशभक्ताची इच्छा' या स्वरूपाची कविता : नेपोलियन आजन्म कॉन्सल होवो, मुकुट धारण करो, सम्राट् होवो, आणि रोम्युलसाप्रमाणें दुसऱ्याच दिवशीं देवपदास पोंचो, अशी प्रार्थना. तिसरा लेख म्हणजे सॅलस्टच्या इतिहासांत लेपिडसानें सुल्लाविरुद्ध केलेल्या भाषणाचें रूपांतर, त्यांत सुल्लाच्या जागीं नेपोलियन.

ज्यांचें आयुष्य अलंकारशास्त्राच्या पोथ्या शिकविण्यांत गेलें त्यांस हे तीन लेख पाहून एक निराळेंच कुतूहल वाटतें. दुसरी कविता हें व्याजस्तुतीचें शुद्ध उदाहरण आहे. वाच्यार्थ पाहिला तर तो आशीर्वाद. परंतु रोम्युलस देवपदास गेला तो सेनेटच्या सभासदांनीं त्याचे तुकडे करून, अशी रोमन इतिहासकारांनीं नमूद केलेली एक आख्यायिका आहे. ती ज्यास ठाऊक त्यास आशीर्वाद हाच मृत्यूचा जप होऊन बसतो. येथें अपराध कोठें आहे? शब्दांत नाहीं, व्यंजनेंत आहे. इंग्रजी कायद्यानें यासाठीं एक युक्ति योजिली होती : सरकारनें आरोपपत्रांतच सूचित अर्थ उलगडून मांडावयाचा व तोच अर्थ वाचकास प्रतीत होतो कीं नाहीं हें ज्यूरीनें ठरवावयाचें. म्हणजे त्या दिवशीं किंग्ज बेंचमध्यें बारा गृहस्थ, नकळत कां होईना, ध्वनिविचारच करीत बसले होते.

मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त व्यंग्यार्थाची प्रतीति वक्ता कोण, श्रोता कोण, प्रकरण कोणतें, देशकाल कोणता यांवर अवलंबून असते असें दाखविलें आहे. ही कसोटी लावली तर बचावाचा सर्वांत बळकट मुद्दा 'वक्ता कोण' हा होय. पेल्तिए राजपक्षाचा, ओडमधील बोलणारा लोकसत्तावादी. म्हणजे कवीची उक्ति व कवीनें निर्माण केलेल्या वक्त्याची उक्ति यांत आमच्या शास्त्रानें जो भेद केला आहे तोच येथें उपस्थित होतो. जॅकोबिन लोकांच्या तोंडीं त्यांचीच भाषा घालून त्यांची थट्टा करणारा लेखक त्या भाषेचा धनी ठरत नाहीं. मॅकिंटॉशनें हा मुद्दा घेतलेला आहे. तो त्याच्या ध्यानांत आला नाहीं असें नव्हे. परंतु जी बाजू पदोपदीं मूळ लेखांतील वाक्यें घेऊन सिद्ध करावयाची ती त्यानें त्वरेनें आटोपली व भाषणाचा बहुतेक भाग युरोपच्या राजकारणास दिला.

असें कां केलें? आमच्या मतें, प्रकरण व देशकाल हे दोन घटक आपल्या अशिलाच्या विरुद्ध जातात हें त्या चतुर वकिलानें ओळखलें होतें. जो मनुष्य दहा वर्षें नेपोलियनाच्या शत्रुपक्षांत आहे, ज्याच्या पत्राच्या मुखपृष्ठावरच त्याची विटंबना आहे, त्यानें एका अंकांत खंजीर व दुसऱ्या कवितेंत रोम्युलस यांचें स्मरण द्यावें, आणि बोलणारा मी नव्हे म्हणावें, हें ज्यूरीस पटणें कठीण. पात्राचा मुखवटा इतका विरळ होता कीं आंतला चेहरा लपत नव्हता. पेल्तिएच्या लेखांत वधाची सूचना होती, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. मुद्रणस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनीं पुढें हा भाग गाळून पेल्तिएस निव्वळ टीकाकार केलें आहे. तें इतिहासास धरून नाहीं.

(३)

आतां भाषणाचा गाभा. मॅकिंटॉशचें म्हणणें थोडक्यांत असें. हा खटला एका निर्वासितावर नाहीं. जगांतील सर्वांत प्रबळ सत्ता व युरोपांत उरलेलें एकच स्वतंत्र मुद्रण यांच्यामधील दीर्घ झगड्याची ही पहिली चकमक आहे. क्रांतीपूर्वीं हॉलंड, स्वित्झर्लंड, जर्मनींतील स्वतंत्र नगरें अशीं लहान राज्यें मोठ्यांच्या आश्रयावांचून नांदत होतीं, व तेथें छापखान्यांस आसरा मिळत असे. तीं आतां नाहींशीं झालीं. पोलंडची वांटणी झाली तेव्हां इंग्रज पत्रांनीं वांटणी करणाऱ्या राजांस दूषण दिलें. ते राजे इंग्लंडचे मित्र होते म्हणून त्या लेखकांस शिक्षा करावयाची होती काय? रोब्स्पिएर सत्तेवर असतां त्याच्याशीं तह असता, तर त्याच्या कृत्यांस नांव ठेवणें हा गुन्हा झाला असता काय?

हा शेवटला प्रश्न भाषणांतील सर्वांत तीक्ष्ण शस्त्र आहे. मैत्रीचा तह हा राजाराजांमधील करार आहे. तो प्रजेच्या विवेकबुद्धीचा करार नव्हे. तह झाल्यानें अन्यायास अन्याय म्हणण्याचें थांबवावयाचें असेल, तर प्रत्येक तहाबरोबर इतिहासलेखनहि थांबवावें लागेल, कारण इतिहास हा बहुतकरून मित्रराजांच्या पूर्वकृत्यांचाच असतो. इतिहाससंशोधनास वाहिलेल्या संस्थेनें तरी हा विचार हृदयांत कोरून ठेवण्याजोगा आहे.

लहान राज्यांविषयींचें त्याचें भाकितहि खोटें ठरलें नाहीं. जर्मनीच्या मानहानीविषयीं एक निनांवी पुस्तिका विकल्याबद्दल न्युरेंबर्गचा पुस्तकविक्रेता योहान फिलिप पाल्म यास फ्रेंचांनीं लष्करी न्यायालयापुढें उभें केलें व ता. २६ ऑगस्ट १८०६ रोजीं ब्राउनाउ येथें गोळी घातली. लंडनच्या ज्यूरीपुढें बोलतांना मॅकिंटॉश अतिशयोक्ति करीत आहे असें ज्यांस वाटलें असेल त्यांस सुमारें साडेतीन वर्षांत उत्तर मिळालें.

(४)

असें असतांहि भाषणाचा ऐतिहासिक पाया ठिकठिकाणीं ठिसूळ आहे, आणि तो दाखविणें हें आमचें कर्तव्य आहे.

राष्ट्राचें तेज व वर्तमानपत्रें यांचा अतूट संबंध दाखवितांना मॅकिंटॉशनें एलिझाबेथ राणीचें उदाहरण घेतलें. स्पॅनिश आरमार चालून आलें तेव्हां राणीनें इंग्लंडांतील पहिलें वर्तमानपत्र काढवून प्रजेस जागें केलें, व ही राजनीतीच्या प्रतिभेची अद्भुत झेप होय, असें त्याचें प्रतिपादन. आधार म्हणजे ब्रिटिश म्यूझियममधील १५८८ सालचे मानलेले 'इंग्लिश मर्क्युरी'चे कागद. हे कागद बनावट आहेत. १८३९ मध्यें टॉमस वॉट्स यानें अक्षरांचे ठसे तपासून ते अठराव्या शतकांतील असल्याचें दाखवून दिलें. ही लबाडी १८०३ मध्यें उघडकीस आलेली नव्हती, म्हणून वकिलास अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं. परंतु मूळ कागद न तपासतां त्यावर सिद्धांताचा मनोरा चढविण्याची ही संवय आमच्याकडील बखरींवर विसंबणारांसहि सोडीत नाहीं, म्हणून तिचा उल्लेख येथें मुद्दाम केला.

कागद खरे असते तरीहि दाखला गैरलागूच होता. ज्या राणीस मुद्रणाची माउली ठरविलें तिच्याच अमदानींत १५८६ मध्यें स्टार चेंबरच्या हुकुमानें छापखाने लंडन व दोन विद्यापीठें यांपुरते मर्यादित करून पुस्तकांवर धर्माधिकाऱ्यांची नजर बसविली गेली. त्याहून बोलका दाखला जॉन स्टब्सचा. १५७९ मध्यें राणीच्या फ्रान्सच्या राजबंधूशीं विवाहाची बोलणीं चाललीं होतीं. त्या विवाहाविरुद्ध स्टब्सनें पुस्तिका लिहिली. फ्रेंच दरबार दुखावेल म्हणून राणी संतापली. स्टब्सचा व त्याच्या प्रकाशकाचा उजवा हात भर चौकांत तोडण्यांत आला. स्टब्सनें उरलेल्या डाव्या हातानें टोपी काढून राणीस दीर्घायुष्य चिंतिलें. फ्रान्सशीं सख्य राखण्यासाठीं इंग्रज लेखकाचा बळी, हा तर पेल्तिएच्या खटल्याचाच पूर्वावतार! तो मॅकिंटॉशच्या कामाचा होता, आणि त्यानें नेमका उलटा दाखला उचलला.

भाषणाच्या अखेरीस क्रॉमवेलचें उदाहरण आहे : लंडन शहर सैन्यानें वेढलेलें असतां त्या हुकुमशहानें एका उपहासकारास दोनदां ज्यूरीपुढें उभें केलें व ज्यूरीनें दोनदां त्यास निर्दोष सोडलें. रोख जॉन लिल्बर्नकडे आहे. १६४९ व १६५३ या दोन्ही वर्षीं लिल्बर्न सुटला हें खरें. पण क्रॉमवेल 'प्रोटेक्टर' झाला तो दुसऱ्या सुटकेनंतर, १६५३ च्या डिसेंबरांत. आणि १६४९ चा खटला देशद्रोहाचा होता, निव्वळ उपहासाचा नव्हे. चित्र भव्य आहे. रेषा मात्र जागच्या जागीं नाहींत.

(५)

याहून मोठें न्यून तें मौनाचें. युरोपांत स्वतंत्र मुद्रण फक्त इंग्रजांच्या राज्यांत उरलें असें मॅकिंटॉश सांगत होता, तेव्हां त्याच इंग्रजांच्या बंगाल्यांत मे १७९९ पासून वेलस्लीचे नियम चालूं होते. त्या नियमांप्रमाणें सरकारी चिटणिसानें पाहिल्याशिवाय पत्राचा अंक निघत नसे, व नियम मोडणाऱ्या युरोपियनास स्वदेशीं रवाना करण्यांत येई. वेलस्लीनें दिलेलें कारणहि फ्रेंच युद्धाचेंच होतें. लहान राज्यांच्या स्वातंत्र्याविषयीं वक्त्यानें जे उद्गार काढले ते ऐकतांना मराठी वाचकास दुसरीच तारीख आठवते. खटल्यापूर्वीं अवघे सात आठवडे, ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावानें वसईच्या तहावर सही केली होती; आणि १८०३ च्या सप्टेंबरांत असईची लढाई झाली. हॉलंड व स्वित्झर्लंड यांसाठीं जो शोक त्या न्यायालयांत झाला त्याचा एक अश्रूहि हिंदुस्थानाकडे वळला नाहीं. मॅकिंटॉशवर यासाठीं ढोंगाचा आरोप आम्ही करीत नाहीं. तो त्या काळच्या दृष्टीचा दोष होता. पण ज्या तत्त्वास 'सार्वत्रिक' म्हटलें जातें त्याची सरहद्द कोठें संपते हें पाहणें हें परीक्षकाचें काम आहे.

(६)

निकाल काय झाला? सरकारतर्फे स्पेन्सर पर्सिव्हल यानें, जो पुढें मुख्य प्रधान झाला, मित्रराष्ट्राच्या मुख्याधिकाऱ्याच्या वधास चिथावणी देणें हें शांततेविरुद्ध आहे असें मांडलें. १७८७ मध्यें फ्रान्सच्या राणीच्या निंदेबद्दल लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यास व १७९९ मध्यें रशियाच्या झारच्या निंदेबद्दल 'कूरियर' पत्राच्या चालकांस शिक्षा झाल्याचे दाखले हातीं होतेच. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यानें कायदा सरकारच्या बाजूनें सांगितला. १७९२ च्या फॉक्सच्या कायद्यानें ज्यूरीस संपूर्ण प्रकरणावर निकाल देण्याचा अधिकार होता. त्या ज्यूरीनें जागा न सोडतां पेल्तिएस दोषी ठरविलें. भाषण अजरामर झालें आणि अशील हरला.

पण शिक्षा झालीच नाहीं. ता. १८ मे १८०३ रोजीं इंग्लंडनें पुन्हां युद्ध पुकारलें, व पेल्तिएस शिक्षा ऐकण्यासाठीं कधीं बोलावण्यांत आलें नाहीं. फेब्रुवारींत जो मित्रराष्ट्राचा निंदक म्हणून अपराधी होता तो मे महिन्यांत शत्रूचा निंदक म्हणून निरुपद्रवी ठरला. त्याच्या लेखांतील एक अक्षरहि बदललें नव्हतें. आमच्या दृष्टीनें संबंध प्रकरणांत शिकण्यासारखें जें कांहीं आहे तें एवढ्या एका गोष्टींत सांठविलें आहे. जो अपराध दोन दरबारांच्या मर्जीबरोबर जन्मतो व मरतो तो न्यायाचा विषय नव्हे, राजकारणाचा आहे. वधाची चिथावणी हा अपराध खरा. मग तो शांततेंत जितका अपराध, तितकाच युद्धांतहि. सरकारनें तो त्या नांवानें शाबीत केला असता तर आमची तक्रार नव्हती. तसें न करतां त्यास 'मैत्रीचा भंग' हें नांव दिलें, आणि मैत्री संपतांच अपराधहि संपला. मॅकिंटॉशनें हा भेद स्पष्ट करून, चिथावणी निषेधार्ह पण मैत्रीभंगाचा गुन्हा अमान्य, अशी भूमिका घेतली असती, तर खटला कदाचित् तरीहि हरला असता. परंतु तत्त्व अधिक निर्मळ राहिलें असतें.

या खटल्यानें तह वांचला काय? वांचला नाहीं. युद्ध माल्टासाठीं झालें, ता. ३० जानेवारी १८०३ रोजीं 'मोनितर'नें सेबास्तियानीचा मिसरविषयींचा अहवाल छापून जी आग लावली तीमुळें झालें. पेल्तिएच्या कवितेमुळें तें झालें नाहीं, आणि त्याच्या दोषसिद्धीनें तें टळलें नाहीं. वर्तमानपत्रांचें तोंड दाबून राष्ट्रांचें सख्य टिकतें या समजुतीस या प्रकरणांत तरी आधार मिळत नाहीं.

हा विचार जुन्या कागदांपुरता नाहीं. आमच्या देशांत १९३२ मध्यें परकीय राज्यांशीं संबंध बिघडविणाऱ्या लेखनाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला; आणि स्वराज्य मिळाल्यावर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांच्या कारणांत 'परकीय राज्यांशीं मैत्रीचे संबंध' हें कारण घालण्यांत आलें. त्याच दुरुस्तीनें बंधन 'वाजवी' असावें अशीहि अट घातली, व तें वाजवी आहे कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार न्यायालयांकडे राहिला. त्या एका विशेषणावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. तें वाजवी कसें ओळखावें, याची एक कसोटी पेल्तिएच्या खटल्यांत आम्हांस सांपडते : उद्यां त्या परराष्ट्राशीं वैर झालें तर हेंच लेखन अपराध राहील काय? राहात असेल तर शिक्षा करावी. राहात नसेल तर आजहि तो अपराध नव्हे.

मॅकिंटॉशच्या भाषणाची ऐतिहासिक प्रमाणें आम्हीं कांहीं ठिकाणीं खोडून काढलीं, त्याचें मौन दाखविलें, अशिलाच्या बाजूची उपेक्षाहि दाखविली. तरीहि ज्या पुरुषानें स्वदेशाच्या सरकारास तोंडावर विचारलें कीं, तहाच्या कागदानें मनुष्याची जीभ बांधतां येते काय, त्यानेंच पुढें परळास येऊन संशोधनाची पहिली बैठक भरविली, हा योगायोग आम्हांस अभिमानास्पद वाटतो. त्याच्या भाषणाचें खरें स्मारक त्याची स्तुति हें नव्हे. त्यानें न तपासलेले कागद आपण तपासावे, हेंच तें होय.